गोव्यात यॉटवरून फिरायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांडवी, शापोरा आणि साळ या नद्यांतून सुटणाऱ्या यॉट सफरींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यॉट आणि पणजीची ती गाण्याबजावण्याची क्रूझ एकच का?

नाही. सांता मोनिका जेटीवरून सुटणारी क्रूझ ही मोठी बोट असते. माणशी तिकीट काढायचं, शे-दोनशे लोकांसोबत बसायचं, तासभर नदीत फेरी मारायची. गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या क्रूझही तिथूनच सुटतात. यॉट मात्र सहसा अख्खी भाड्याने घेतात. त्यावर तुमचीच माणसं, एक कप्तान आणि एक-दोन खलाशी असतात. काही चालक माणशी जागाही विकतात. त्यामुळे बुकिंग करताना ‘पूर्ण बोट आमची की इतरही येणार’ हे स्पष्ट विचारा, कारण जाहिरातीत दोन्ही प्रकारांना यॉटच म्हणतात.

२. शिडाची घ्यावी की मोटरची?

गोव्यात ज्यांना सरसकट यॉट म्हणतात त्यांतल्या बऱ्याच बोटी मोटरच्या आहेत. पुढे उन्हात बसायला गाद्या, मागे सावली, खाली एखादी खोली. थोड्या वेळात जास्त जागा पाहायच्या असतील, लहान मुलं असतील, तर ही सोयीची.

शिडाची बोट वाऱ्यावर चालते, एका कुशीवर कलते आणि ताशी ५-६ नॉट धरते. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे बोटीचा वेग ताशी ९ ते ११ किलोमीटर, सावकाश चालवलेल्या सायकलच्या आसपास. कलणं हा बिघाड नव्हे. तिच्या तळाला जड वजन असतं आणि ते तिला पुन्हा सरळ करतं. एंजिन बंद झाल्यावर फक्त पाण्याचा आवाज उरतो, तो ऐकायचा असेल तर शिडाचीच घ्या. मात्र शिडाखालच्या आडव्या दांड्याला बूम म्हणतात आणि दिशा बदलताना तो डोक्याच्या उंचीवरून वेगाने फिरतो. खलाशी ‘डोकं खाली’ म्हणाला की फोटो सोडून खाली बसायचं.

तिसरा प्रकार कॅटमरान, म्हणजे दोन तळांची रुंद बोट. कमी हलते, जास्त माणसं घेते. आजी-आजोबांसह कुटुंब असेल तर आमची पसंती हिला.

३. यॉट नेमक्या कुठून सुटतात? पत्ता ‘पणजी’ आहे, पण नकाशा भलतीकडेच नेतो.

कार्यालय एकीकडे आणि धक्का दुसरीकडे, असं इथे नेहमीच असतं. मांडवीत पणजीच्या जेट्या, पलीकडे बेती-वेऱ्याचा काठ आणि पुलांच्या वरच्या अंगाला ब्रिटोना ही मुख्य ठिकाणं. नेरूलच्या खाडीमुखाशी कोको बीच आहे. उत्तरेला शापोरा नदीत शिवोली, दक्षिणेला साळ नदीत केळशी-मोबोरचा भाग.

बुकिंग झाल्यावर कार्यालयाचं नव्हे, जेटीचं लोकेशन मागवा. ब्रिटोनाचा रस्ता अरुंद आहे आणि संध्याकाळी पर्वरीत गाड्या तुंबतात. सुटायच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचं ठरवा. चढणं, लाइफ जॅकेटं, सूचना यांतच १५ मिनिटं जातात, आणि तुमचा तास घड्याळाप्रमाणे सुरू झालेला असतो (प्रश्न ९).

४. दोन तासांत काय पाहून होतं?

पणजीहून खाली, समुद्राच्या दिशेने निघालात तर डाव्या हाताला जुनं सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा वाडा, मग कांपालचा झाडीचा काठ आणि मिरामारची वाळू. उजव्या हाताला बेती, वेरे आणि टेकडीवर १५५१चा रेईश मागूशचा किल्ला. त्यापुढे नेरूलच्या खाडीचं तोंड आणि शेवटी आग्वाद. वरचा किल्ला १६१२चा, त्यातला जुना दीपस्तंभ १८६४चा. आग्वाद म्हणजे पाणी भरण्याची जागा. लांबच्या प्रवासाला निघालेली गलबतं इथल्या झऱ्याचं गोडं पाणी भरून घेत. पाण्यालगतच्या जुन्या तुरुंगात गोवा मुक्तिलढ्यातले सत्याग्रही कोंडलेले होते. बोटीवरून ती भिंत अगदी समोर दिसते, आणि अनेक सफरींत तिचा उल्लेखही होत नाही, हे खटकतं. मुलं बरोबर असतील तर तुम्हीच सांगा.

नदीमुखाच्या दुसऱ्या अंगाला काबोचं टोक आहे. राज्यपालांचं निवासस्थान त्यावरच आहे. टोकाच्या पलीकडे झुवारीचं पाणी आणि मुरगाव बंदर.

पणजी ते आग्वादचं टोक साधारण ७ किलोमीटर. ६ नॉटने जायला ४० मिनिटं, यायला ४० मिनिटं, म्हणजे दोन तासांत थांबायला उरली ४० मिनिटं. बोट ब्रिटोनाहून सुटत असेल तर येता-जाता मिळून आणखी ४० मिनिटं त्यातच जातात. म्हणून ब्रिटोनाहून दोन तासांत ‘आग्वाद, डॉल्फिन, पोहणं, सूर्यास्त’ असं सगळं कबूल करणाऱ्याला सरळ विचारा, यातलं काय गाळणार?

५. समुद्र नको, शांत नदी हवी. तशी सफर असते का?

असते, आणि ती फार कमी लोक मागतात. पणजीहून वर, जुने गोव्याच्या दिशेने. आधी मांडवीवरचे पूल. त्यांतल्या केबलवर तोललेल्या अटल सेतूचं उद्घाटन २७ जानेवारी २०१९ला झालं. मग उजवीकडे रायबंदरचा काठ. पणजी ते रायबंदर हा दगडी बांध पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात, १६३०च्या दशकात बांधला आणि त्यावरून आजही वाहनं धावतात. डावीकडे चोडणचं कांदळवन आणि सलीम अली पक्षी अभयारण्य. पुढे दिवाडी बेट आणि समोरच्या काठाला जुने गोव्याची व्हाइसरॉय कमान. नवे व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात शिरत. नौदलाची म्हादेई आणि तारिणी ही जगप्रदक्षिणा केलेली शिडाची जहाजंही दिवाडीवरच बांधली गेली.

अंतर साधारण ९ किलोमीटर, जायलाच ५० मिनिटं. तीन तास हाताशी ठेवा. उंच डोलकाठीची बोट पुलांखालून जाईल की नाही, हे तिच्या उंचीवर आणि त्या वेळच्या पाण्यावर ठरतं, म्हणून या मार्गाला मोटरची बोट बरी. भरतीबरोबर वर जाणं आणि ओहोटीबरोबर परतणं जमवलं तर वेळही वाचतो.

६. कोणता महिना चांगला? जूनमध्येच सुट्टी मिळतेय.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वोत्तम. आकाश स्वच्छ, सकाळी समुद्र गुळगुळीत. मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढतं आणि दुपारचा वारा जोर धरतो, तरी सकाळची सफर छान होते. मे महिन्याच्या उत्तरार्धात भरवसा कमी. १६ मे २०२१च्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. ऑक्टोबरही वाटतो तितका निर्धोक नाही, २०१९च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळाने समुद्र खवळला होता.

जूनमध्ये समुद्रात जाणं विसरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा पट्टा आहे आणि पावसाळ्यात त्यावर लाटा फुटतात. जुलै २०१७मध्ये एक कॅसिनो जहाज नदीत आणताना मिरामारजवळ याच भागात वाळूत रुतलं होतं. पावसाळ्यात मोठ्या क्रूझ बोटी नदीपुरत्या चालतात, त्या घ्या. कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटतो. पर्यटकानेही निदान सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धीर धरावा.

७. सकाळची वेळ घ्यावी की सूर्यास्ताची?

डॉल्फिन आणि शांत पाणी हवं असेल तर सकाळी ७ ते १०. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी मंद असतात. दुपारी ११-१२नंतर समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि ३-४च्या सुमाराला त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो. शिडाच्या बोटीला मात्र हीच वेळ मानवते.

सूर्यास्ताला गर्दी आणि दर दोन्ही जास्त. वेळ ठरवताना महिना पाहा. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य ६च्या सुमारास बुडतो, जानेवारीच्या मध्याला ६.२०ला, मार्चच्या मध्याला ६.४०ला, मेच्या मध्याला ६.५०च्या पुढे. नोव्हेंबरात ‘साडेपाच ते साडेसात’ अशी वेळ घेतलीत तर सूर्यास्त धक्क्यापासून हाकेच्या अंतरावरच होतो आणि उरलेली सफर अंधारात. सूर्यास्ताच्या आधी दीड तास सुटायचं आणि नंतर अर्ध्या तासात परतायचं, हे गणित धरा.

८. भरती-ओहोटीशी आम्हा प्रवाशांचा काय संबंध? ते कप्तान बघेल ना?

कप्तान बघतोच, पण तारीख आणि वेळ तुम्ही निवडता, आणि सफर सुखाची होणार की हाडं खिळखिळी करणारी, हे बरंचसं तिथेच ठरतं.

गोव्यात दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, त्यांच्यात साधारण सहा-सहा तासांचं अंतर. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याच्या पातळीत सुमारे २ मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तो बराच कमी होतो.

कोकणातला जुना हिशेब इथेही कामाला येतो. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. षष्ठीला ६ची पाऊणपट साडेचार, म्हणजे दुपारी साडेचारला भरती आणि सकाळी साडेदहाला पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला १५ची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नदीत आत शिरावं तसतशी भरती आणखी उशिरा पोचते. नेमक्या वेळेसाठी मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक पाहा.

आता या हिशेबाचा उपयोग पाहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराला भरती संपली की पाच वाजेपर्यंत पाणी जोरात समुद्राकडे ओढतं. त्याच वेळी समोरून खारा वारा नदीत घुसत असतो. पाणी बाहेर, वारा आत. दोघांची टक्कर नदीमुखाशी होते आणि आग्वादच्या उथळ पट्ट्यावर आखूड, उभ्या लाटा तयार होतात. ज्यांना बोट लागते त्यांची परीक्षा तिथेच होते. सप्तमी-अष्टमीला मात्र भरती संध्याकाळी सव्वापाच-सहाला पूर्ण होते, ओढ कमी असते, नदीमुखावर पाणी भरपूर असतं. सूर्यास्ताची सफर त्या दोन-तीन दिवसांत ठेवा. तिथी पाहून दिवस निवडला म्हणून कुणी जास्त पैसे घेत नाही.

पौर्णिमेचा चंद्रोदयच पाहायचा असेल, तर पौर्णिमाच घ्या, पण नदीतच राहा. सूर्य मिरामारकडे बुडतो आणि चंद्र जुने गोव्याच्या बाजूला उगवतो. दोन्ही पुलाजवळच्या पाण्यातून दिसतात.

ओहोटीला आणखी एक त्रास असतो. बोट धक्क्याच्या खाली जाते. तरंगता धक्का असेल तर तो बोटीबरोबरच खाली-वर होतो. दगडी जेटी असेल तर शेवाळलेल्या पायऱ्या उतरून मोठी ढांग टाकावी लागते (प्रश्न १४).

९. भाडं कसं ठरतं? एकाच बोटीचे तिघांनी तीन दर सांगितले.

कारण तिघांनी वेगवेगळं धरलं आहे. भाडं तासावर असतं आणि बहुतेक ठिकाणी किमान दोन तास. तुम्ही कितीही जण या, क्षमतेच्या आत असाल तर रक्कम तीच. समजा, बोट तासाला १०,००० रुपये आणि तुम्ही चौघं, तर दोन तासांचे माणशी ५,००० होतात. तुम्ही दहा जण असाल तर २,०००. म्हणून दोन कुटुंबं मिळून घेणं परवडतं.

दर ऐकला की हे विचारा. जीएसटी धरून की वेगळा? इंधन धरलंय का? तास धक्का सोडल्यापासून मोजणार की बुकिंगच्या वेळेपासून? खाणं, पाणी, बर्फ, संगीत, छायाचित्रकार यांतलं काय आत, काय बाहेर? बाहेरचा केक किंवा जेवण आणलं तर पैसे लागतात का? जास्त वेळ झाला तर अर्ध्या तासाचा दर काय? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. २० डिसेंबर ते ३ जानेवारी या काळात नेहमीचे दर लागू नसतात, तेव्हा आधीच्या वर्षीच्या कुणाच्या अनुभवावर विसंबू नका.

किनाऱ्यावर येऊन हात धरणाऱ्या दलालाकडून बुकिंग करू नका. पैसे ज्या नावाच्या खात्यात जातात ते नाव आणि बिलावरचं नाव एकच आहे का, तेवढं जरूर पाहा.

१०. बोट कायदेशीर आहे हे आम्ही कसं ओळखायचं?

गोव्यात नद्यांतल्या बोटींची नोंदणी आणि तपासणी कॅप्टन ऑफ पोर्ट्स हे खातं करतं. देशभर त्यासाठी २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. तुम्ही चार गोष्टी मागू शकता. नोंदणी, चालू मुदतीचं तपासणी प्रमाणपत्र, विमा आणि कप्तानाचा परवाना. पर्यटन खात्याकडची नोंदणी वेगळी, तीही विचारा. नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता बोटीवर रंगवलेली असते. ती दिसत नसेल किंवा पुसट केलेली असेल तर चढू नका.

एक बारकावा जवळजवळ कुणीच विचारत नाही. बोट कोणत्या पाण्यात चालवायची, हेही प्रमाणपत्रावर असतं. फक्त नदीची परवानगी असलेली बोट तुम्हाला आग्वादच्या बाहेर नेत असेल, तर अपघातानंतर विम्याचा वाद तिथूनच सुरू होतो.

११. क्षमता १२ आहे. आम्ही बारा मोठे आणि एक तान्हं बाळ. चालेल ना?

नाही. बाळही माणूसच मोजतात. शिवाय बारा ही संख्या कप्तान-खलाशी धरून की सोडून, तेही विचारा. क्षमता जागेवरून नव्हे, तोलावरून ठरते. डॉल्फिन दिसला की सगळे एकाच कठड्याकडे धावतात आणि बोट नेमकी तेव्हाच धोक्यात येते. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला आणि वीस जणांना पाण्यातून काढावं लागलं. त्या दिवशीही सणाची सुट्टीच होती.

१२. लाइफ जॅकेट पूर्ण वेळ घालावं लागतं का? फोटो खराब येतात.

घालायचं. निदान चढता-उतरताना, नदीमुख ओलांडताना, अंधार पडल्यावर आणि बोटीच्या पुढच्या टोकाला बसताना तर अजिबात काढायचं नाही. पोहता येतं म्हणून न घालणारे डोक्याला मार लागून पाण्यात पडले तर पोहू शकत नाहीत.

जॅकेट बसतं का ते असं तपासा. सगळे बकल लावा, पट्टे आवळा, मग कुणालातरी खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर सैल आहे. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, पाण्यात ते मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. बुकिंग करतानाच मुलांची वजनं कळवा आणि त्या मापाची जॅकेटं आहेत, हे वदवून घ्या. आपल्याला सूचना मिळाली नाही तर जॅकेटं कुठे ठेवलीत, हे स्वतः विचारा.

१३. मला बोट लागते. काय करू?

पोट रिकामं ठेवू नका आणि तडसही लावू नका. तासभर आधी इडली, पोळी, केळं असं साधं काही खा. तळलेलं आणि आदल्या रात्रीचं मद्य यांनी त्रास वाढतो. बोटीवर मध्यभागी आणि मागच्या बाजूला बसा, तिथे हेलकावे कमी. नजर क्षितिजावर ठेवा. फोनमध्ये डोकं घातलं किंवा खालच्या खोलीत जाऊन बसलात तर कान म्हणतो हलतंय, डोळा म्हणतो स्थिर आहे, आणि त्या गोंधळातून मळमळ सुरू होते. आलेपाक किंवा आवळा सुपारी चघळल्याने अनेकांना बरं वाटतं.

गोळी घ्यायचीच असेल तर ती सुटायच्या तास-दोन तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर ती उलटीबरोबरच बाहेर येते. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, त्यावर मद्य घेऊ नये. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. उलटी आलीच तर वारा ज्या बाजूने बाहेर जातो त्या कठड्याशी जा, खलाशी दाखवेल.

लहान मुलाला त्रास होईल का, हे कळत नसेल तर आदल्या दिवशी पणजी-बेती फेरीबोटीने एक फेरी मारा. पायी प्रवाशाला तिकीट नाही.

१४. आईचे गुडघे दुखतात. चढता येईल का? आणि गरोदरपणात?

गुडघ्यांसाठी बोटीपेक्षा धक्का महत्त्वाचा. बुकिंगआधी तीन प्रश्न: तरंगता धक्का आहे का, पायऱ्या किती, गाडी धक्क्यापासून किती अंतरावर थांबते. वेळ भरतीजवळची घ्या. चढताना एका हाताने बोटीचा गज आणि दुसऱ्या हाताने खलाशाचं मनगट धरायचं, पंजा नव्हे. ओला पंजा निसटतो. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाय किंवा हात घालून बोट थोपवायला कधीच जाऊ नये. व्हीलचेअर उचलून नेता येते, पण चालकाने ती आधी मान्य केलेली असावी.

गरोदर असाल तर डॉक्टरांचा होकार घ्या आणि नदीतलीच सफर निवडा. नदीमुखावरचे हादरे टाळायला हवेत.

१५. काय घालावं, काय न्यावं?

सैल सुती कपडे, दोरी असलेली टोपी, गॉगल, सनस्क्रीन, डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी पातळ जॅकेट. बूट-चपला बहुतेक बोटींवर काढून ठेवायला लावतात. टाचेचे सँडल फायबरच्या पृष्ठभागावर खड्डे पाडतात आणि घसरतातही. चाकांची बॅग नको, मऊ पिशवी न्या. फोनला पाणी न लागणारी पिशवी. एका मोठ्या माणसाचं ओळखपत्र.

१६. बोटीवर शौचालय असतं का?

मोठ्या यॉटवर असतं, लहानवर नसतंही, म्हणून विचारा. त्याची नळी घरच्यापेक्षा खूपच अरुंद. टिश्यू, सॅनिटरी पॅड, ओले रुमाल टाकले की पंप तुंबतो आणि उरलेली सफर सगळ्यांनाच त्रास. वापरण्यापूर्वी पंप कसा चालतो ते खलाशाकडून समजून घ्या.

१७. स्वतःचं जेवण आणि मद्य नेता येतं का? केक कापायचाय.

चालकानुसार बदलतं, ठरवताना लेखी घ्या. कोरडं आणि हाताने खाता येईल असं न्या. रस्सा, सोलकढी हे हेलकाव्यात अंगावरच येतं. काचेच्या बाटल्या आणि ग्लास टाळा, अनवाणी पायांखाली काच म्हणजे जखम ठरलेली. झिंगलेल्या माणसाला पुढच्या टोकाला बसू न देण्याचा आणि गरज पडली तर सफर आवरती घेण्याचा कप्तानाला अधिकार आहे. त्याच्याशी हुज्जत घालू नका. केक चालतो, मेणबत्त्या वाऱ्यात टिकत नाहीत. फुगे आणि चमकीचे तुकडे नेऊ नका. ते मांडवीत पडतात आणि तिथून थेट माशांच्या पोटात जातात.

१८. ‘डॉल्फिन शंभर टक्के’ म्हणाले आणि दिसले नाहीत. पैसे परत मागू का?

तसं कबूल करणंच चुकीचं होतं. सिंकेरी, आग्वाद आणि काबोच्या मधल्या उथळ पाण्यात पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेले हंपबॅक डॉल्फिन सकाळी बऱ्याचदा दिसतात, पण ते मोकळे प्राणी आहेत. लेखी हमी असेल तर तीनुसार बोला, नसेल तर परतावा मिळणार नाही.

डॉल्फिनला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. पाठलाग करणं, घेरणं, खायला टाकणं यांतलं काही करायचं नाही. चांगला कप्तान लांबूनच वेग कमी करतो आणि त्यांच्या वाटेच्या बाजूने, समांतर चालतो. चार बोटींनी घेरलं की ते खोल बुडी मारून निघून जातात. ‘अजून जवळ घ्या’ म्हणून कप्तानावर दबाव आणला तर सगळ्यांचाच तोटा होतो.

१९. मध्येच पाण्यात उतरता येईल का?

नदीत नाही. मांडवीत ओढ जबर, पाणी गढूळ आणि बार्ज, कॅसिनो, मच्छीमार बोटींची सतत ये-जा. मांडवी आणि झुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात तर मगरी आहेत. त्या भागातले लोक पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात, या पूजेला मानगे थापणी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याशेजारी राहणारी माणसं मगरीला मान देतात, आपण तिच्या पाण्यात उडी मारू नये.

समुद्रात, शांत आडोशाला, नांगर टाकून, एंजिन पूर्ण बंद करून, शिडी खाली सोडून आणि जॅकेट घालून उतरता येतं, तेही कप्तानाने होकार दिला तर. मद्य घेतलं असेल तर अजिबात नाही.

२०. ड्रोन उडवू का?

दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, त्यामुळे आसपासच्या मोठ्या भागात उड्डाणावर निर्बंध आहेत. डिजिटल स्काय संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या जागेचा विभाग पाहिल्याशिवाय ड्रोन काढू नका. नौदलाच्या जहाजांचे आणि बंदराच्या आतले फोटोही टाळा.

२१. हवामान बिघडलं किंवा एंजिन बंद पडलं तर पैसे?

हे बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्या. तीन वेगळ्या स्थिती असतात. चालकाने किंवा बंदर खात्याने सफर थांबवली, तर पूर्ण परतावा किंवा नवी तारीख, हे लेखी असावं. निघाल्यावर बिघाड झाला, तर न झालेल्या वेळेचे पैसे परत मिळावेत. तुम्ही उशिरा पोचलात, तर तो वेळ तुमचाच जातो, कारण मागच्यांची वेळ ठरलेली असते.

बंदरावर खराब हवामानाचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला असेल आणि चालक म्हणत असेल ‘काही होत नाही, चला’, तर पैसे बुडाले तरी चालतील, चढू नका.

एंजिन थांबण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पंख्यात अडकलेलं जाळं किंवा दोरी. आग्वादच्या बाहेर मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात, त्यांवर छोटे तरंगते गोळे किंवा झेंडे दिसतात. अशा वेळी खलाशी नांगर टाकतो आणि जाळं सोडवतो. तोवर सगळ्यांनी जॅकेट घालून खाली बसून राहायचं.

२२. पाण्यात अडचण आली तर फोन कोणाला?

आधी कप्तानाला सांगा, त्याच्याकडे रेडिओ असतो. तो काही करू शकत नसेल तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा सर्वसाधारण आपत्कालीन ११२. बोलताना बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, माणसं किती आणि जवळची खूण सांगा, जसं की ‘आग्वाद दीपस्तंभाच्या पश्चिमेला’. फोनवरून लोकेशन पाठवता आलं तर आणखी उत्तम. माणूस पाण्यात पडला असेल तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर क्षणभरही हटवायची नाही. दुसऱ्याने गोल तरंगतं चाक फेकायचं. त्याला वाचवायला तिसऱ्याने उडी मारायची नाही.